दिवा लुकलुकतोय की स्थिर आहे?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत मैफली ध्वनिमुद्रित करण्यासाठी हातात मावणारा रेकॉर्डर कसा निवडावा, यावर लेख आला होता. लेखकाने कष्ट घेतलेत, तक्ताही सुबक आहे. पण तो तक्ता समोर ठेवून कुणी खरेदी केली तर पहिल्याच कार्यक्रमाला डोक्याला हात लावायची वेळ येईल, म्हणून हे पत्र. मी ध्वनितज्ज्ञ वगैरे नाही. माझा धाकटा भाऊ व्हायोलिन वाजवतो आणि त्यांच्या चौघांच्या चमूचे कार्यक्रम टिपून ठेवायचं काम गेली चौदा वर्षं माझ्या गळ्यात आहे. आतापर्यंत तीन रेकॉर्डर झाले. पहिला मी असाच तक्ता बघून घेतला होता.

लेखाचा सगळा भर ९६ किलोहर्ट्झवर (म्हणजे सेकंदाला आवाजाचे ९६ हजार नमुने) आणि एका वेळी किती ट्रॅक, म्हणजे वेगवेगळे आवाज, घेता येतात यावर आहे. अहो, सीडी ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिटचीच असते (बिट म्हणजे प्रत्येक नमुना किती बारकाईने मोजला ते). तिच्यात सूर कमी पडले अशी तक्रार मी तरी कुणाच्या तोंडून ऐकलेली नाही. ४८ वरून ९६ वर गेलं की फाइल दुप्पट होते, कान आहेत तेवढेच राहतात. २४ बिट मात्र हवंच, कारण मग लेव्हल, म्हणजे मुद्रणाची पातळी, बेताची ठेवून निवांत बसता येतं. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ म्हणजे तासाला साधारण १ जीबी. ३२ जीबीच्या कार्डात किती मैफली बसतील बघा. डीन बेनेडेट्टी या सॅक्सोफोनवादकाने १९४७-४८ मध्ये जॅझमधला थोर सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर याच्या मैफली टिपल्या, तेव्हा पार्करचं वादन थांबलं की तो यंत्रही थांबवायचा. आपल्याला तसली काटकसर करायची गरज नाही.

तक्त्यात नसलेला आणि माझ्या मते पहिल्या रकान्यात हवा असलेला आकडा म्हणजे रेकॉर्डरच्या स्वतःच्या माइकला किती मोठा आवाज झेपतो तो. माहितीपुस्तिकेच्या शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत, डेसिबलमध्ये दिलेला असतो. व्हायोलिन आणि गाण्यासाठी १२० पुष्कळ झाला. ड्रमच्या शेजारी तो अपुरा पडतो. माइकमध्येच आवाज फाटला की पुढे लेव्हल कितीही उतरवा, फाटलेलाच आवाज हळू ऐकू येतो. हल्ली ३२ बिट फ्लोट या मुद्रणपद्धतीचा गाजावाजा आहे. झूम कंपनीच्या २०२४ मधल्या ‘एसेन्शियल’ मालिकेत तो अगदी छोट्या रेकॉर्डरमध्येही आला. लेव्हल चुकली तरी नंतर सावरता येते, हे खरं. पण ती सोय आवाज माइकमधून बाहेर पडल्यानंतरची. माइकचा जीव जेवढा आहे तेवढाच राहतो, हे लेखात एका ओळीने तरी यायला हवं होतं.

दुसरी गोष्ट, लेव्हल हाताने लावता येते का. लेखकाने ‘ऑटो लेव्हल’, म्हणजे यंत्राने ती आपणच कमी-जास्त करणं, हा गुण म्हणून मोजलाय, आणि इथे माझी जुनी जखम आहे. पहिल्या रेकॉर्डरवर मी ती ऑटोवर ठेवून निश्चिंत बसले. घरी येऊन ऐकते तर काय, ड्रमचा पहिला ठोका पडला आणि व्हायोलिन कुणी उशीखाली दाबल्यासारखं झालं. मग तीन-चार सेकंदांत ते हळूहळू वर येतंय तोच पुढचा ठोका. सर्वांत वाईट म्हणजे शेवटचा विलंबित तुकडा. भाऊ गज तारेवर जेमतेम टेकवून वाजवत होता. सगळं शांत झालं म्हणून यंत्राने आवाज चढवत नेला, आणि त्या तुकड्यात पंखा, खुर्चीची करकर आणि मागच्या रांगेतल्या एका गृहस्थांचा खोकला यांचीच मैफल रंगली. भाऊ काही बोलला नाही. नुसता हेडफोन काढून ठेवला.

दुसऱ्या रेकॉर्डरने वेगळाच इंगा दाखवला. पुष्कळ यंत्रांवर लाल बटण एकदा दाबलं की नुसती तयारी होते. दिवा लुकलुकतो, आकडे नाचतात, पण मुद्रण सुरू होत नाही. पुन्हा दाबलं की दिवा स्थिर होतो आणि घड्याळ पुढे सरकू लागतं. मी एकदाच दाबून पहिल्या रांगेत जाऊन बसले. दीड तास लुकलुक बघत होते आणि मनात म्हणत होते, चाललंय छान. तेव्हापासून कुठलंही यंत्र हातात घेतलं की मी आधी हे बटण दाबून बघते आणि चार पावलं मागे जाते. तिथून, अंधारात, चाललंय की नाही हे कळत नसेल तर बाकीचे गुण काय करायचे? चुकून धक्का लागून मुद्रण बंद पडू नये म्हणून होल्डची खिट्टीही हवी.

सगळ्या माइकचे आवाज एकत्र करून स्पीकरला देणाऱ्या मिक्सरमधून थेट तार जोडली की काम झालं, हाही लेखातला सल्ला अर्धवट वाटला. छोट्या सभागृहात ड्रम मुळातच इतका वाजतो की त्याला कुणी स्पीकरवर घेत नाही. मग मिक्सरच्या तारेतून येतो तो गायिकेचा कोरडा आवाज, आणि ड्रम कुठेतरी शेजारच्या घरात. म्हणून मी तार आणि माइक दोन्ही घेते. तार घ्यायची तर रेकॉर्डरला लाइन इनपुट, म्हणजे मिक्सरचा जोरकस सिग्नल झेपणारं सॉकेट, आहे ना, हे आधी बघावं. माइकच्या सॉकेटला मिक्सर जोडला तर नुसता चरचराट ऐकू येतो. रेकॉर्डर टेबलावर कधीच ठेवत नाही, पायांची थाप टेबलातून चढते. तिपाईवर, डोक्यांच्या वर, आणि होता होईल तेवढा जवळ. अंतर दुप्पट केलं की वाद्याकडून थेट येणारा आवाज ६ डेसिबलनी घटतो, सभागृहाचा घुमारा मात्र तसाच राहतो.

शेवटी एक दुरुस्ती आपण छापावी ही विनंती. ‘फँटम पॉवर’च्या रकान्यात लेखकाने ३.५ मिमीच्या बारक्या सॉकेटलाही बरोबरची खूण केली आहे. फँटम म्हणजे माइकला त्याच्या तारेतूनच दिलेली वीज, ४८ व्होल्ट, आणि ते तीन पिनांच्या एक्सएलआर सॉकेटवर मिळतात. बारक्या सॉकेटवर असते ती प्लग-इन पॉवर, साधारण दोन-तीन व्होल्टची. त्या खुणेवर विसंबून कुणी ही वीज लागणारा मोठा कंडेन्सर माइक घेऊन कार्यक्रमाला गेलं, तर माइक मुकाच राहील.

आपली,
एक जुनी वाचक