सडा न तुडवता भूशास्त्राची पदवी

मा. संपादक,

बारावीचा निकाल लागला की भूशास्त्राकडे वळू पाहणाऱ्या कोकणातल्या मुलांचे पालक दोन प्रश्न हमखास विचारतात: गणित सोडले तर चालेल का, आणि पुढे नोकरी लागेल का. तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही: पदवीच्या तीन-चार वर्षांत मूल सड्यावर, म्हणजे कोकणातल्या उघड्या कातळाच्या पठारावर, उन्हात उभे राहून खडक किती दिवस बघणार? आमच्या मते पदवीचा कस लागतो तो इथेच. प्रवेशाच्या तोंडावर हे पत्र त्यासाठीच.

आधी गणिताचे उरकून घेऊ. बारावीला जीवशास्त्र घेऊन गणित सोडलेल्या मुलाला भूशास्त्राची पदवी बहुतेक ठिकाणी घेता येते. खनिजे, जीवाश्म, खडकांचे रसायन यांत त्याचे फारसे अडत नाही. भूभौतिकीचे, म्हणजे वीज, चुंबकत्व, लहरी यांच्या मोजमापांवरून जमिनीखालचे ओळखण्याच्या शाखेचे, दार मात्र त्याच्यासाठी जवळजवळ बंद होते, कारण तिथे लॉगॅरिदम, डिफरन्शिअल समीकरणे आणि विद्युत-चुंबकत्व रोजच्या वापरात असतात. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या संयुक्त भूवैज्ञानिक परीक्षेला नुसती बी.एस्सी. पुरत नाही, पदव्युत्तर पदवी लागते. वयाची सर्वसाधारण अट २१ ते ३२. त्यातल्या जिओफिजिसिस्ट पदाला भूभौतिकीची किंवा थेट भौतिकशास्त्राची एम.एस्सी. चालते, निव्वळ भूशास्त्राची चालत नाही. म्हणजे ज्याने कधी हातोडा हातात धरला नाही असा भौतिकशास्त्राचा विद्यार्थी अर्ज करू शकतो आणि तीन हिवाळे घाट पालथे घातलेला भूशास्त्राचा विद्यार्थी करू शकत नाही. पटो न पटो, नियम तसा आहे. गेट परीक्षेच्या भूशास्त्र-भूभौतिकी पेपरमध्येही एक भाग सर्वांना समान असतो आणि दुसऱ्या भागात भूशास्त्र की भूभौतिकी हे आधीच निवडावे लागते.

जुन्या पद्धतीत पहिल्या वर्षाला भूशास्त्राबरोबर भौतिकशास्त्र आणि गणित असा संच घेता यायचा. आता मुख्य विषय एक, दुय्यम एक, आणि खुले विषय दुसऱ्या विद्याशाखेचे. त्यामुळे भौतिकशास्त्र घ्यावे की गणित, अशी ओढाताण होते. आमचा सल्ला असा: भूभौतिकीकडे जायचा थोडा जरी विचार असेल तर दुय्यम विषय भौतिकशास्त्र घ्यावा, आणि गणित कुठे बसवता येईल हे प्रवेशाआधी विभागात जाऊन विचारावे. दुसऱ्या वर्षाला विचारून काही उपयोग नसतो.

आता तिसरा प्रश्न. महाराष्ट्रातल्या नव्या आराखड्यात तीन वर्षांची पदवी १२० ते १३२ क्रेडिटची आणि चार वर्षांची १६० ते १७६ क्रेडिटची आहे. प्रात्यक्षिकाचे एक क्रेडिट म्हणजे ३० तास. दोन क्रेडिटचा क्षेत्रप्रकल्प म्हणजे ६० तास, आणि दिवसाला सात तास काम धरले तर साडेआठ दिवस. प्रत्यक्षात या ६० तासांची वाटणी पाहिली तर अनेकदा बसने जाऊन-येऊन दोन दिवसांची सहल निघते आणि उरलेले तास 'अहवाललेखन' या सदरात जमा होतात. गणपतीपुळ्याचे दर्शन, मालवणची मासळी, मधे एका रस्त्याकडेच्या दरडीपाशी पंधरा मिनिटे आणि एक समूहफोटो. मजेला आमची हरकत नाही, पण तिला नकाशाकाम म्हणू नये.

नकाशाकाम कशाला म्हणायचे ते सांगतो. दोघांच्या जोडीला १० ते १२ चौरस किलोमीटरचा तुकडा, १:५०,००० च्या टोपोशीटवरून (उंचसखलपणा दाखवणाऱ्या सरकारी नकाशावरून) मोठा करून घेतलेला पायाभूत नकाशा, आणि किमान दहा-बारा दिवस. पहिला दिवस नुसते फिरण्यात जातो आणि तो तसा जाऊ द्यावा. नंतर ओढे, रस्त्याच्या कापण्या, चिरेखाणी आणि किनारा धरून खडकांच्या सीमा चालत चालत नकाशावर उतरवायच्या, आणि रोज संध्याकाळी पेन्सिलीच्या रेषा शाईने पक्क्या करायच्या. हे काम दुसऱ्या दिवसावर टाकले की सीमा कुठून वळवली होती ते आठवत नाही, आणि मग रेषा मनाने ओढली जाते.

या कामाला कोकणाइतकी सोयीची जागा क्वचितच असेल, पण ही सोय अर्धी-अर्धी वाटलेली आहे. रायगड-रत्नागिरीत सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे जवळजवळ आडवे थर आणि माथ्यावर जांभा. लाव्हाचे दोन थर वेगळे काढायचे तर वरच्या थराच्या तळाशी नळीसारखी भोके, खालच्या थराच्या माथ्यावर बुडबुड्यांची जाळी आणि तिच्यात भरलेली झिओलाइटे ही फिकट खनिजे, आणि मधे असला तर लाल मातीचा पट्टा, एवढे सगळे शोधावे लागते. नवखा विद्यार्थी नुसत्या रंगावर जातो आणि झिजेने लालसर झालेल्या पट्ट्याला थराची सीमा ठरवतो. उंचीही मोबाइलच्या जीपीएसवरून घेऊ नये. तिच्यात दहा-पंधरा मीटरची चूक सहज होते आणि लाव्हाचा एखादा थर तेवढ्याच जाडीचा असतो. समोच्च रेषांवरून ताडून बघावी.

मात्र एवढ्याच भागात शिकलेल्याने धड एक डिपही, म्हणजे थराच्या उताराचा कोनही, मोजलेला नसतो, कारण जांभ्याला थर नसतात आणि बेसाल्ट आडवा पडलेला. त्यासाठी सिंधुदुर्गात उतरायला हवे. कणकवली-फोंड्याकडचे कलादगी गटाचे वालुकाश्म आणि क्वार्टझाइट, त्याखालचे त्याहून जुने धारवाडी शिस्ट आणि नाइस हे रूपांतरित खडक, रेडीचे लोहखनिज, कासार्ड्याची सिलिका वाळू असा सगळा जुना पट्टा तिथे आहे. घड्या, विभंग, स्ट्राइक-डिप (थराची दिशा आणि उतार) हे शब्द तिथे गेल्याशिवाय अंगी लागत नाहीत. रत्नागिरीच्या मुलाने दक्षिणेकडे आणि सिंधुदुर्गाच्या मुलाने उत्तरेकडे एकेक शिबिर करावे, असे अभ्यासक्रमातच लिहिलेले असले पाहिजे.

होकायंत्राबद्दल एक इशारा. बेसाल्टात मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असते, आणि सड्यावर वीज पडलेल्या जागी खडक स्वतःच चुंबक झालेला असतो. त्यात कंबरेला हातोडा आणि खिशात मोबाइल. सुई पाच-दहा अंश फिरते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. उपाय सोपा आहे. एका खुणेवरून दुसरीचा कोन घ्यायचा, मग दुसरीवर जाऊन पहिलीचा उलट कोन घ्यायचा. दोहोंत बरोबर १८० अंशांचा फरक आला नाही तर त्यांपैकी एका जागी तरी खडकाची ओढ आहे, तिथले वाचन घेऊ नये.

वेळेचे भान हा दुसरा मुद्दा. जून ते सप्टेंबर पाऊस असतो, ऑक्टोबरात सड्यावर गुडघाभर गवत, म्हणून खडक दिसतो तो नोव्हेंबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंत. नेमके तेव्हाच सत्रपरीक्षा आणि स्नेहसंमेलने येतात. शिबिर पहिल्या सत्राची परीक्षा संपली की लगेच ठेवावे. किनाऱ्यावरचे छेद बघायचे तर पंचांगही बघावे लागते. हरिहरेश्वरला लाटांनी कापलेला खडकाळ मंच आणि त्यातले रांजणखळगे नीट उघडे पडतात ते अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या ओहोटीला. अष्टमीच्या भांगेला, म्हणजे पाणी कमी चढते-उतरते तेव्हा, गेलात तर निम्मा मंच पाण्याखाली असेल. ओहोटीच्या तळाआधी दोन तास उतरावे आणि पाणी फिरल्यावर तासाभरात वर यावे. तिथे माणसे वाहून गेलेली आहेत, हे शिक्षकांनी विसरू नये.

प्रयोगशाळेबद्दल थोडक्यात. सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा खडकाचा पातळ छेद ०.०३ मिलिमीटरचा हवा. बेसाल्टात क्वार्टझ नसल्याने जाडी प्लेजिओक्लेज या खनिजाच्या ध्रुवित प्रकाशातल्या रंगावरून ओळखतात: करडा-पांढरा दिसला तर ठीक, पिवळा दिसला तर अजून घासायला हवे. जांभा घासताना चुरा होतो, त्यात आधी रेझिन मुरवून घ्यावे लागते. विद्यार्थ्याने तीन वर्षांत निदान पाच छेद स्वतःच्या हाताने केलेले असावेत. तयार पेटीतून काढून बघणे वेगळे.

भूभौतिकीची स्थिती याहून वाईट आहे. ती बहुतेक जागी फळ्यावर शिकवली जाते, आणि जांभ्यावर पुस्तकातले गणित जसेच्या तसे चालत नाही. रेझिस्टिव्हिटीचे, म्हणजे जमीन विजेला किती अडवते ते मोजण्याचे, उदाहरण घ्या. चार सळया एका रेषेत ठोकायच्या, बाहेरच्या दोहोंतून करंट सोडायचा, आतल्या दोहोंवर व्होल्टेज मोजायचे. मध्यबिंदूपासून बाहेरच्या सळया ५० मीटरवर आणि आतल्या ५ मीटरवर असतील तर व्होल्टेज भागिले करंट याला ज्याने गुणायचे तो गुणक सुमारे ७७७ येतो. जमिनीची रेझिस्टिव्हिटी ३० ओहम-मीटर असेल आणि ५० मिलिअँपिअर करंट जात असेल तर हाती येते जेमतेम २ मिलिव्होल्ट. कातळात सळई शिरत नाही, करंट जात नाही आणि आकडा नाचत राहतो. तिथे ड्रिलने भोक पाडावे किंवा ओल्या चिखलाचा गोळा थापून सळई रोवावी, आणि मुळाशी मिठाचे पाणी ओतावे. ओहोळ वाहेल इतके मात्र ओतू नये, नाहीतर करंट जमिनीत न जाता पाण्याच्या वाटेने वरच्या वर जातो.

खरी कसोटी पुढे आहे. जांभ्याखाली मऊ, पांढुरकी-गुलाबी चिकणमाती असते, पुस्तकात तिला लिथोमार्ज म्हणतात. तिची रेझिस्टिव्हिटी कमी, आणि खाडीकाठी शिरलेल्या खाऱ्या पाण्याचीही कमी. नुसता आलेख बघून 'पाणी आहे' किंवा 'पाणी खारे आहे' असे सांगणारा दोन्ही वेळा फसू शकतो. शेजारच्या विहिरीच्या पाण्याची विद्युतवाहकता मोजली तर उलगडा होतो, त्याला पाच मिनिटे लागतात. हे ज्याला शिकवलेले नाही, तो यंत्र घेऊन आलेला असला तरी तळहातावर नारळ उभा करणाऱ्या पाणाड्याहून फार पुढे गेलेला नसतो.

भूकंपलहरींच्या अपवर्तनाचेही तसेच. जमिनीवर घण मारून जिओफोनच्या (कंपने टिपणाऱ्या उपकरणांच्या) रांगेत लहरी पोचण्याचा वेळ मोजायचा, ही पद्धत खाली जावे तसा वेग वाढतो असे गृहीत धरते. जांभ्याचे वरचे कवच टणक, त्याखालची माती मऊ, त्याखाली पुन्हा टणक बेसाल्ट. मधला मऊ थर आलेखात उमटतच नाही, आणि बेसाल्टाची खोली खऱ्यापेक्षा जास्त येते. पुलाच्या पायासाठी किंवा डोंगरउतारावर माती किती जाड आहे हे ठरवण्यासाठी हाच आकडा वापरायचा असतो. २०२१ मध्ये महाड तालुक्यात तळिये आणि २०२३ मध्ये खालापूर तालुक्यात इर्शाळवाडी दरडीखाली गेली, एवढे डोळ्यांपुढे असताना आमच्या मुलांना हा प्रयोग वाळूच्या सपाट मैदानाच्या चित्रावरून शिकवला जातो.

चुंबकीय सर्वेक्षणाला लागणारी पाठशाळा तर दाराशीच आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय निरीक्षणे १९०४ मध्ये अलिबागला हलवली, आणि दोन्हीकडच्या आकड्यांचा मेळ बसावा म्हणून सुमारे दोन वर्षे दोन्ही ठिकाणी मोजमाप चालू ठेवले. ती वेधशाळा आज भारतीय भूचुंबकत्व संस्था चालवते आणि संस्थेचे मुख्यालय पनवेलला आहे. इथले एकूण क्षेत्र ४०,००० नॅनोटेस्लांहून थोडे अधिक, दिवसभरात ते काही दहा नॅनोटेस्लांनी हलते. म्हणून दर तासाला ठरलेल्या तळबिंदूवर परत येऊन वाचन घ्यायचे आणि तेवढी दुरुस्ती करायची. चुंबकीय वादळाच्या दिवसाचे आकडे टाकून द्यायचे. पत्र्याचे छप्पर, तारेचे कुंपण आणि उभी मोटारसायकल यांपासून दूर राहायचे. किनारपट्टीवर डाइक, म्हणजे भेगांत घुसून थिजलेल्या खडकाच्या उभ्या भिंती, भरपूर आहेत. मॅग्नेटोमीटर घेऊन त्यांतला एखादा आडवा ओलांडायला एक सकाळ पुरते, आणि त्या एका आलेखात पाठाचे चार तास वसूल होतात. गुरुत्वमापनाबद्दल एवढेच की एक मीटर उंची चुकली तर ०.२ मिलिगॅलची चूक होते, म्हणून लेव्हलिंग (उंचीचे अचूक मोजमाप) येत नसेल तर ग्रॅव्हिमीटरला हात लावून काही साधत नाही.

यंत्रे महाग आहेत आणि प्रत्येक महाविद्यालयाने ती घ्यावीत असे आम्ही म्हणत नाही. एक रेझिस्टिव्हिटी मीटर, एक मॅग्नेटोमीटर आणि बारा जिओफोनांचा संच असा एकच साठा तीन-चार महाविद्यालयांत महिन्याच्या फेरीने फिरवता येतो. विद्यापीठाने दोन गोष्टी कराव्यात: गुणपत्रिकेवर क्षेत्रकामाचे दिवस वेगळ्या आकड्यात छापावेत, आणि क्षेत्रकामाची परीक्षा बाहेरच्या परीक्षकाने वर्गात न घेता खडकापाशी घ्यावी, तीही विद्यार्थ्याने आधी न पाहिलेल्या खडकापाशी.

तोवर पालकांनी प्रवेश घेण्यापूर्वी विभागात जाऊन मागच्या वर्षीच्या मुलांच्या क्षेत्रवह्या बघायला मागाव्यात. त्यांत घामाचे डाग, खोडलेले कोन आणि रोज वेगळी तारीख असेल तर प्रवेश घ्यायला हरकत नाही. सगळ्या वह्या एकाच निळ्या पेनाने, स्वच्छ अक्षरात आणि शब्दशः सारख्या असतील तर त्या वसतिगृहात लिहिलेल्या आहेत.

आपले,
भूशास्त्राचे काही शिक्षक व भूजल सर्वेक्षक
रत्नागिरी-सिंधुदुर्ग