ब्लॉगच्या वाचकांचा हिशेब सुटा करून द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आयत्या ब्लॉगसेवांमध्ये सर्व्हर कंपनीचा, सॉफ्टवेअर कंपनीचे आणि लेखन आपले, अशी वाटणी असते. सोय मोठी आहे. कोडची एक ओळही न येणारी माणसे तिच्यामुळे लिहिती झाली. पण लेख किती जणांनी वाचला, ते कुठून आले आणि वाचता वाचता कुठे थांबले, हे पाहायला जावे तर डॅशबोर्डवर ‘व्ह्यूज ३४०’ एवढेच दिसते. या ३४० मध्ये काय काय धरले आहे, हे बहुतेक ठिकाणी लिहिलेलेही नसते. हा हिशेब सुटा करून मिळावा, ही मागणी आपल्या पत्रातून या कंपन्यांपर्यंत पोचावी म्हणून हे लिहीत आहोत.

सर्व्हरकडे आलेली प्रत्येक मागणी म्हणजे वाचक नव्हे. सर्च इंजिनांचे आणि एआय कंपन्यांचे बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम, पाने उचलत असतात. व्हॉट्सॲपवर किंवा फेसबुकवर लिंक टाकली की तिच्याखाली चित्र आणि शीर्षकाची चौकट दिसते. ती तयार करायलाही पान एकदा मागवले जातेच, वाचकाने लिंकला बोट लावलेले नसले तरी. यातले बरेच बॉट ‘यूजर एजंट’ या ओळीत आपली ओळख सांगतात आणि ती ओळ सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, उमटते. म्हणजे गाळणी लावायला लागणारा माल कंपनीकडे पडून आहे. माणसे, ओळख सांगणारे बॉट आणि संशयास्पद भेटी असे तीन रकाने करायला अडचण कसली?

यावर ठरलेले उत्तर मिळते : वाचक मोजणारे बाहेरचे साधन जोडा. ते पुरत नाही. अनेक सेवांच्या मोफत योजनेत त्यासाठी लागणारा कोड पानाच्या हेडरमध्ये, म्हणजे न दिसणाऱ्या वरच्या भागात, टाकताच येत नाही. टाकता आला तरी जाहिराती अडवणारी एक्स्टेंशन्स अशी स्क्रिप्ट सर्रास रोखतात, म्हणजे एका बाजूला बॉट जास्तीचे मोजलेले आणि दुसऱ्या बाजूला खरे वाचक गळालेले. शिवाय ही साधनेही कायमची नसतात. गूगलने युनिव्हर्सल ॲनालिटिक्स या आपल्या साधनात भेटींची नोंद घेणे १ जुलै २०२३ रोजी थांबवले. ज्यांनी आकडे वेळेत उतरवून घेतले नाहीत, त्यांचा जुना इतिहास गेला.

वाचनाच्या वेळेचा घोळ सर्वांत मोठा आहे. जुनी पद्धत अशी : पहिले पान उघडल्याची वेळ आणि दुसरे उघडल्याची वेळ यांतला फरक म्हणजे पहिल्या पानावर घालवलेला वेळ. ब्लॉगचा वाचक बहुधा एकच लेख वाचतो आणि जातो. दुसरे पान नाही, म्हणून त्याची नोंद शून्य. बारा मिनिटे मन लावून वाचणारा आणि तीन सेकंदांत परतलेला, दोघेही एकाच रकान्यात पडतात. टॅब समोर आहे की मागे गेला, हे ब्राउझर सांगू शकतो. तेव्हा टॅब समोर असतानाचीच सेकंदे मोजावीत. तीही सरासरीने दाखवू नयेत. नऊ जण २० सेकंद थांबले आणि एकाने टॅब ३० मिनिटे उघडा ठेवला, तर सरासरी निघते ३ मिनिटे १८ सेकंद. मध्यक, म्हणजे आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, मात्र २० सेकंदच राहतो, आणि खरे काय घडले ते तोच सांगतो.

लेख कुठवर वाचला, याचेही तसेच. गूगलच्या सध्याच्या साधनात, गूगल ॲनालिटिक्स ४ मध्ये, स्क्रोलची आपोआप होणारी नोंद पानाच्या ९० टक्क्यांवर होते. पण पान म्हणजे लेख नव्हे. खाली प्रतिक्रिया, संबंधित लेखांची यादी, तळपट्टी असते. लेखावर ऐंशी प्रतिक्रिया आल्या तर तो शब्दन् शब्द वाचणाराही ९० टक्क्यांपर्यंत पोचत नाही. साचा कंपनीचाच असल्यामुळे लेख कोणत्या ओळीला संपतो, हे तिला नेमके ठाऊक असते. लेखाचा पाव, अर्धा, पाऊण आणि शेवट अशा चार खुणा तिने मोजल्या, तरी वाचक कोणत्या परिच्छेदाच्या आसपास गळतात ते लेखकाला कळेल.

वाचक कुठून आला, हे पूर्वीइतके कळत नाही, हे मान्य. वाचक ज्या पानावरून आला त्याचा पत्ता, म्हणजे संदर्भ-पत्ता, क्रोम ब्राउझरने २०२० पासून छाटायला सुरुवात केली. दुसऱ्या साइटला आता फक्त डोमेन कळते, नेमके पान नाही. मेसेजिंग ॲपमधून उघडलेली लिंक तर बहुधा ‘डायरेक्ट’मध्ये, म्हणजे कुठून आले ते माहीत नसलेल्यांत, जमा होते. यावर उतारा म्हणजे पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह देऊन यूटीएमची खूण, म्हणजे लिंक कुठे टाकली ते सांगणारे शब्द, जोडणे. पण ब्लॉगसेवेने ती वाचलीच नाही, किंवा खूण असलेला पत्ता वेगळे पान म्हणून मोजला, तर एका लेखाचे चार तुकडे होतात. खूण वाचावी आणि पान एकच धरावे.

देवनागरीची परवड वेगळीच. पत्त्यात देवनागरी शब्द असला की प्रत्येक अक्षरचिन्हाचे तीन बाइट होतात, प्रत्येक बाइटमागे टक्क्याचे चिन्ह लागते आणि अहवालात एका चिन्हाच्या जागी नऊ चिन्हांची माळ दिसते. ती उलगडून दाखवणे ही एका ओळीची दुरुस्ती आहे. ‘ॲप’मधला ॲ संगणकात एका संकेताने (अक्षराच्या ठरलेल्या क्रमांकाने) लिहिता येतो, तसाच अ आणि चंद्र असा दोन संकेतांनीही, ‘दऱ्या’मधल्या ऱ्याच्याही दोन लिखावटी आहेत. डोळ्यांना शब्द एकच, यंत्राला दोन. शोधशब्दांच्या यादीत म्हणून एकाच शब्दाच्या दोन ओळी येतात आणि दोन्ही खाली ढकलल्या जातात. युनिकोड या अक्षरसंकेतांच्या मानकाचे नेहमीचे प्रमाणीकरण, म्हणजे वेगवेगळ्या लिखावटी एकसारख्या करण्याचा नियम, लावून हे जुळत नाही. त्यासाठी कोणती लिखावट कोणत्या लिखावटीबरोबर धरायची, याचा वेगळा तक्ता करावा लागतो. तो एकदाच करायचा आहे.

वाचकांच्या खासगीपणाची ढाल कंपन्यांनी इथे पुढे करू नये. आयपी पत्ते नकोत, नावे नकोत. रोज बदलणाऱ्या गुप्त किल्लीने वाचकाची ओळख सांकेतिक करून, म्हणजे झाकून, भेटी मोजता येतात आणि कुकीही लागत नाही. सोमवारी आणि मंगळवारी आलेला एकच माणूस या पद्धतीत दोनदा मोजला जातो, एवढे आकड्याखाली लिहिले की झाले.

हे सगळे तासागणिक आकड्यांसह सीएसव्ही फाइलमध्ये (कोणत्याही स्प्रेडशीटमध्ये उघडणाऱ्या साध्या तक्त्यात) उतरवून घेता यावे. दिवस लेखकाच्या घड्याळाप्रमाणे बदलतो की यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे, ते फाइलमध्ये लिहिलेले असावे. मोजण्याची पद्धत बदलली, तर त्या तारखेला आलेखावर खूण असावी; नाहीतर निम्मे वाचक गेले की निम्मे बॉट गाळले गेले, हे कळायला मार्ग राहत नाही.

आपले,
ब्लॉगांची तांत्रिक बाजू सांभाळणारे काही वाचक