भिंतीबाहेरचा बेस

डोंबिवली,
२४ सप्टेंबर २०२४

प्रिय मनू,

परवा रविवारी तू फोन ठेवलास तो रडत ठेवलास, हे आईने मला नंतर सांगितलं. कोल्डप्लेच्या तिकिटांसाठी बाराच्या ठोक्याला दोन मोबाइल आणि मैत्रिणीचा लॅपटॉप मांडून बसलीस, आधी साइटच उघडेना, आणि उघडली तेव्हा रांगेतला नंबर चार लाखांच्या पुढचा. १८ आणि १९ जानेवारी गेले, दुपारी २१ तारीख वाढवली, तीही गेली. आणि संध्याकाळी तीच तिकिटं दुसरीकडे कितीतरी पटीने विकायला निघाली. आमच्या वेळी ब्लॅकवाला निदान समोर उभा असायचा. त्याला शिवी घालता यायची, घासाघीस करता यायची, आणि कार्यक्रम सुरू होऊन अर्धा तास उलटला की तोच पडेल भावात तिकीट गळ्यात मारायचा. तुम्ही भांडणार कोणाशी?

फोनवर तुझी समजूत घालायला गेलो असतो तर दोन वाक्यांत गडबडलो असतो. शिवाय मला जे सांगायचंय ते ऐकून तू हसशील, आणि ते मला समोरून ऐकायचं नाहीये. म्हणून पत्र.

नंदूकाका आणि मी रंगभवनची गोष्ट सांगतो, ती तुला पाठ आहे. धोबीतलाव, झेवियर्स कॉलेजच्या शेजारचं ते उघडं नाट्यगृह, ऑगस्टमधला इंडिपेंडन्स रॉक हा रॉक संगीताचा महोत्सव, स्टेजवर रॉक मशीन हा आपल्याकडचा बँड, आम्ही दोघं तिसऱ्या रांगेत, आणि ड्रमरने भिरकावलेली काठी नंदूच्या खांद्याला चाटून मागे गेली.

मनू, आम्ही तिसऱ्या रांगेत नव्हतो. आम्ही आतच नव्हतो.

खोटं बोलायचं असं ठरवून काही झालं नाही गं. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा फक्त "रंगभवनला गेलो होतो" एवढंच म्हणालो, आणि ते खरंच होतं. पुढच्या खेपेला कोणीतरी विचारलं, "कुठे बसला होतात?" नंदू म्हणाला, "मागे उभे होतो." हेही एका अर्थाने खरंच. मग दर वर्षी, दर पार्टीला, आम्ही स्टेजच्या एकेक रांग जवळ सरकत गेलो. ती काठी तर नंदूच्या लग्नात, पंगत बसली असताना पहिल्यांदा आली. मी त्याच्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे बघितलं, आणि मी म्हणालो, "हो ना, थोडक्यात वाचला." झालं. त्या दिवसापासून ती काठी आमच्या दोघांची.

झालं होतं ते असं. इंडिपेंडन्स रॉक १९८६ मध्ये फरहाद वाडियाने सुरू केलं, पंधरा ऑगस्टच्या आगेमागे असायचं. आमची बारावी होऊन गेली होती. व्हीटीपर्यंतचा कॉलेजचा पास होता, म्हणजे जाण्यायेण्याचा खर्च नाही, पण तिकिटाला पैसे नव्हते. दारावरच्या माणसाला पटवू, असा नंदूचा बेत. त्या माणसाने आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ऑगस्टचा पाऊस, एक छत्री, तिची एक काडी मोडलेली. परत स्टेशनकडे जायचं तर लाज वाटत होती, म्हणून भिंतीला पाठ लावून फुटपाथवर उभे राहिलो. शेजारी एक पानवाला होता, त्याने गादीवरचं प्लॅस्टिक थोडं आमच्या बाजूला ओढून दिलं. आत कोणता बँड वाजवत होता ते आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही. रॉक मशीन होतं हे नंदूचं म्हणणं. शब्द तर ऐकूच येत नव्हते. गाणाऱ्याचा आवाज मधूनच वाऱ्याबरोबर यायचा आणि जायचा, गिटार म्हणजे लांब कुठेतरी पत्रा कापत असल्यासारखी.

पण भिंत थरथरत होती. ओल्या शर्टातून पाठीला कळत होतं. धड धड नव्हे, ती ड्रमची; तिच्या खालून काहीतरी चालत होतं, एका जागेवरून दुसऱ्या जागी जात होतं, मध्येच थांबत होतं, परत निघत होतं. मी नंदूला विचारलं, "हे काय वाजतंय?" तो म्हणाला, "ड्रम." मी म्हटलं, ड्रम चालत नाही, हे चालतंय. पानवाला म्हणाला, "मोटर आहे, जनरेटरची."

तो बेस गिटार होता. तोवर मी बेस ऐकलेलाच नव्हता. गाणी मात्र शेकड्याने ऐकली होती. कोऱ्या नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर दोन-दोन अल्बम भरून घ्यायचे, ऱ्हिदम हाऊसच्या काचेच्या खोलीत उभं राहून न घेता ऐकायचे आणि विक्रेत्याने बघितलं की बाहेर पडायचं, हे चालूच होतं. पण घरचा टू-इन-वन, एक स्पीकर, तोही पंजाएवढा. त्यातून बेस बाहेर कसा पडणार?

का पडत नाही ते मला तुझ्या दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकातून कळलं, तू गणपतीला आलीस तेव्हा टेबलावर पडलं होतं ते. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. बेसची खालची तार चाळीसेक हर्ट्झच्या आसपास वाजत असेल तर तिची एकेक लाट आठ-साडेआठ मीटर लांबीची. तिला भिंत म्हणजे रस्त्यातला दगड, वळसा घालून पुढे जाते. झांजेची लाट चार-पाच सेंटीमीटरची, ती भिंतीला आपटून तिथेच संपते. हे तुला मी कशाला सांगतोय, तू पथकात ढोल वाजवतेस. विसर्जनाची मिरवणूक लांबच्या चौकात असते तेव्हा घरात काय ऐकू येतं? नुसता ढोल. ताशा ऐकू आला की समजायचं, आता चपला घालायला हव्यात.

तर त्या रात्री आम्हाला रंगभवनचा नुसता ढोल ऐकू आला आणि मी कायमचा बेसवाला झालो. आत असतो तर इतरांसारखा गिटारवाल्याकडे बघत बसलो असतो.

नंतर आत गेलो, दोनतीनदा, रीतसर तिकीट काढून. त्याच्या गोष्टी आम्ही सांगत नाही, लक्षात आलंय का तुझ्या? सांगण्यासारखं होतं की. चिखल, पाऊस, केस सोडून मान झोडणारी पोरं, आणि स्टेजवरच्याने स्वतःचं गाणं सुरू केलं की खालून होणारा ओरडा. लोकांना परदेशी बँडची गाणी हवी असायची, जशीच्या तशी. आपल्या पोरांनी स्वतः काही लिहिलंय हे त्यांना खपायचं नाही. मला त्या ओरड्याचा राग यायचा, अजून येतो. रॉक मशीनने तरी १९८८ मध्ये स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला, आणि १९९३ मध्ये नावही बदललं, इंडस क्रीड केलं. त्यांच्या गिटारवाल्याचं आडनाव तिनईकर. आम्हाला त्याचं किती अप्रूप होतं तुला कल्पना यायची नाही. लेड झेपलिन ऐकणारी आमच्या चाळीतली दोनच डोकी, आणि तिकडे स्टेजवर महेश तिनईकर! नंदूच्या आईने विचारलं होतं, "म्हणजे गोव्याकडचे का?"

रंगभवन मग बंदच पडलं. आजूबाजूला हॉस्पिटलं, कोर्ट, कॉलेज. आवाजाचे नियम २००० साली आले, शांतता क्षेत्र ठरलं, आणि तिथे लाउडस्पीकर लावायची सोय राहिली नाही. चूक कोणाची म्हणणार? कामा हॉस्पिटलात बाळंतीण झोपलेली असेल तर तिनेही ती भिंत ऐकलीच असणार.

आता दुसरी गोष्ट. हिच्यात भेसळ नाही, आईला विचार.

२००७ च्या मार्चमध्ये आयर्न मेडन, इंग्लंडचा हेवी मेटल बँड, बंगलोरला आले, पॅलेस ग्राउंड्सवर. नंदू कल्याणहून उद्यान एक्स्प्रेसने गेला. मला मार्चअखेरची रजा मिळाली नाही. परत आल्यावर त्याने मला इतकं छळलं की आम्ही दीड महिना बोलत नव्हतो. आणि वर्षाच्या आत ते मुंबईत हजर! १ फेब्रुवारी २००८, शुक्रवार, बीकेसीचं मैदान. त्यांच्या त्या जगभरच्या दौऱ्याचा पहिलाच कार्यक्रम आपल्याकडे. दौऱ्यासाठी खास भाड्याने घेतलेलं बोइंग ७५७ घेऊन आले होते, शेपटीवर त्यांचा तो भुतासारखा एडी रंगवलेला, आणि विमान चालवायला गाणारा ब्रूस डिकिन्सन स्वतः. तू साडेतीन वर्षांची होतीस. आणि त्याच दिवशी दुपारपासून तुला ताप, १०२. मी बूट काढून ठेवले. आई कपाळावर पट्ट्या ठेवत होती, वर न बघता म्हणाली, "जा. नाही गेलात तर जन्मभर ऐकावं लागेल मला."

गेलो. या वेळी आत. नंदू गिटारवाल्यांच्या बाजूला घुसला, मी स्टीव्ह हॅरिससमोर. तो बेस वाजवतो आणि बँड त्याचाच आहे, म्हणजे तिथे बेस मागे लपलेला नसतो. तारा छेडायची चकती, म्हणजे पिक, वापरत नाही, नुसती बोटं, घोडा दौडत असल्यासारखी. एक पाय समोरच्या स्पीकरवर ठेवतो आणि बंदूक रोखावी तसा बेस लोकांवर रोखतो. 'राइम ऑफ द एन्शंट मरिनर' लागलं. कोलरिजच्या कवितेवरचं, तेरा मिनिटांच्या वरचं गाणं. त्याच्या मध्यावर सगळं शांत होतं, जहाजाची लाकडं कुरकुरतात आणि खाली नुसता बेस, हळू, एकटा. मैदानभर हजारो माणसं आणि आवाज तेवढाच. मी डोळे मिटले तर पाठीला ओली भिंत लागली. खरंच सांगतो, मागे हात नेऊन बघितलं. मागे एक घामेजलेला सरदारजी होता, तो म्हणाला, "बोलो भाई?"

दहाला कार्यक्रम संपला. संपावाच लागतो, नियम तोच, ज्याने रंगभवन बंद केलं. पण त्याच नियमामुळे मला कुर्ल्याहून गाडी मिळाली, हेही खरं. घरी आलो तेव्हा ताप उतरत होता, पण तू टक्क जागी. मला काहीच ऐकू येत नव्हतं, कानात नुसती शिट्टी. तुला खांद्यावर घेतलं आणि तुझ्या पाठीवर दोन बोटांनी हॅरिसचा घोडा वाजवत राहिलो. तीन-चार गाणी झाली असतील. झोपलीस. अजूनही आजारी पडलीस की पालथी झोपतेस, तेव्हा मी मनात म्हणतो, ही माझी वाट बघतेय. तुझी आई म्हणते, तुमचा काही संबंध नाही, तिला पोटावर झोपायला आवडतं.

इंडियन ओशन बँडच्या कार्यक्रमाला नेलं होतं तुला, ते तुला आठवत असेल. राहुल रामचा बेस, आणि नर्मदेच्या खोऱ्यातलं ते 'मा रेवा'. तेव्हा तू मला विचारलं होतंस की हे काका ढोल का नाही घेत, त्यांना ढोलच वाजवायचाय. मी दोन दिवस ऑफिसात सगळ्यांना सांगत होतो.

बरं. मुद्द्याचं. नेरुळच्या आत्याशी काल बोललो. तिच्या गच्चीवरून डी. वाय. पाटील स्टेडियमचे दिवे दिसतात, तुला माहीतच आहे. आयपीएलची मॅच असली की सिक्सर पडल्याचं तिला टीव्हीच्या आधी गच्चीवर कळतं. जानेवारीत सूर्य मावळला की जमीन लवकर गार होते, खालची हवा गार आणि वरची ऊबदार राहते, मग आवाज वर उडून जाण्याऐवजी वाकून खाली येतो. थंडीत रात्री गाड्यांचे भोंगे आपल्या घरात आल्यासारखे वाटतात ते त्यामुळेच. कोल्डप्लेचा तो गाणारा मार्टिन कितपत ऐकू येईल, सांगता येत नाही. पण त्यांचा बेसवाला गाय बेरीमन, ज्याच्याकडे कॅमेरासुद्धा फार वळत नाही, तो येणार. आत सगळ्यांना वाटतात ते दिव्यांचे पट्टे तुझ्या हातात नसतील. चुलीवरची भाकरी आणि ठेचा असेल, आत्याने हल्ली गच्चीवर चूल मांडलीये आणि सोसायटीत त्यावरून भांडण चालू आहे, तो विषय तिच्यापुढे काढू नकोस.

१८ तारीख शनिवारी आहे. शुक्रवारी रात्रीच्या गाडीने नीघ, मैत्रिणीलाही आण. गच्चीची किल्ली सेक्रेटरीकडे असते, आत्या आधी मागून ठेवणार आहे. दोन गोधड्या मी आणतो.

नंदूकाकाही येतोय. मी तुला सगळं सांगून टाकलंय हे त्याला माहीत नाही. तो तुझ्या मैत्रिणीपुढे तिसऱ्या रांगेचं काढणार, काठीवर येणार आणि खांदा दाखवणार. तेव्हा माझ्याकडे बघू नकोस. खांदा कुठला ते मात्र नीट बघून ठेव. मागच्या वेळी डावा होता.

तुझा,
बाबा