यंदा मखर साधंच, वर्गणी अतिदक्षता कक्षासाठी

समस्त ग्रामस्थ आणि मुंबई-पुण्याचे चाकरमानी, सप्रेम नमस्कार.

गेल्या भाद्रपदात आपल्या वाडीतल्या एका शाळकरी पोराला रात्री झोपेत मण्यार चावली. जमिनीवर अंथरूण होतं. ना दुखलं, ना दातांची खूण दिसली. पोटात कळ आली म्हणून आईने ओवा दिला. उजाडता उजाडता पापण्या मिटायला लागल्या. तालुक्याला सर्पदंशाची लस मिळाली, पण मण्यारीच्या विषाने श्वासाचे स्नायू लुळे पडले की नुसत्या लसीने भागत नाही, काही दिवस श्वास बाहेरून द्यावा लागतो. १०८ मधून थेट गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयापर्यंत सिस्टर श्वास देणारी अंबू बॅग हाताने दाबत गेल्या. पोर वाचलं.

व्हेंटिलेटर तालुक्याला नव्हता असं नाही. करोनात आलेला अजून कव्हराखाली आहे. रात्रपाळीला तो चालवणारं कोणी नाही, वीज खालीवर होते, नळ्या संपल्या की नव्या येत नाहीत. म्हणूनच आणखी एक यंत्र देऊ करणाऱ्या दोन दात्यांना आम्ही हात जोडून थांबवलं. (राग नसावा. नावाची पाटी यंत्रावरच शोभते, हे आम्हालाही कळतं.)

१९५२ साली कोपनहेगनला पोलिओची साथ आली, तेव्हा सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून हाताने बॅग दाबत रुग्ण जगवले. अतिदक्षता विभाग ही कल्पना त्यातूनच रुजली. तिथे माणसं होती, यंत्रं अपुरी होती. आपल्याकडे नेमकं उलटं झालंय.

तेव्हा यंदा डीजे नाही, मखर घरच्या माटवीसारखं, पानाफुलांचं. वाचलेली रक्कम आणि तुमची वर्गणी यांतून तालुक्याच्या रुग्णालयात अतिदक्षतेच्या दोन खाटा चालत्या करायच्या आहेत: चार परिचारिकांचं प्रशिक्षण व त्या काळातला राहण्याचा खर्च, इन्व्हर्टर, स्टॅबिलायझर, सक्शन मशीन, नळ्यांचा वर्षभराचा साठा. पल्स ऑक्सिमीटर दिलात तरी चालेल.

धनादेश रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीच्या नावे काढावा. रोख मंडपात द्यावी, पावती घेतल्याशिवाय उठू नये. हिशेब अनंत चतुर्दशीला फळ्यावर लागेल.

आणि मुंबईच्या आयसीयूत नोकरी केलेल्या गावच्या लेकी-सुनांनो, तुमच्याकडे वर्गणी मागत नाही. गणपतीच्या सुट्टीतले दोन दिवस आमच्या सिस्टरांना शिकवायला द्या. जेवणाची सोय मंडळाकडे.