गाडीत बाबांचं गाणं वाजवून देणाऱ्या दादांना, थँक्यू

दादा, नाव लिहू नका म्हणालात म्हणून लिहीत नाही, पण आभार मानू नका असं काही म्हणाला नव्हतात, त्यामुळे ते मी सगळ्यांसमोर मानणार आहे आणि जरा पाल्हाळ लागणार आहे, चालवून घ्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बाबांनी त्यांच्या सगळ्या कॅसेट (मैफलींत बसून रेकॉर्ड केलेलं शास्त्रीय गाणं) स्वतः कॉम्प्युटरवर उतरवल्यात. टेपरेकॉर्डरची वायर कॉम्प्युटरला लावायची, प्ले दाबायचं आणि समोर बसून राहायचं, कारण ६० मिनिटांची कॅसेट उतरायला ६० मिनिटंच घेते, त्यात घाई चालतच नाही. अशी वर्षानुवर्षं. मधल्या काळात कॉम्प्युटर बदलले, सॉफ्टवेअर बदललं, म्हणून फाइलीही सतराशे साठ प्रकारच्या झाल्या, काही वेव्ह, काही डब्ल्यूएमए, काही एमपीथ्री, नंतरच्या फ्लॅक. कॉम्प्युटरवर सगळं झकास वाजतं. पण बाबांना आता स्क्रीनकडे बघवत नाही, डोळे दुखतात, त्यामुळे गाडीतून जाता-येता ऐकायला मिळावं एवढंच त्यांचं म्हणणं होतं, आणि गाडीत पेनड्राइव्ह लावला की कधी 'यूएसबी एरर', कधी 'अनसपोर्टेड फाइल', आणि जे थोडं वाजायचं ते भलत्याच क्रमाने.

मग सुरू झाली तज्ज्ञांची रांग. एकाने सांगितलं स्टिरिओच जुना झालाय, नवीन बसवा (विकतो कोण तर तोच). एकाने सगळ्या फाइलींच्या नावापुढे डॉट एमपीथ्री करून दिलं आणि हात झटकले, म्हणजे डब्यावरचं लेबल बदललं की आतली साखर मीठ होते असं त्याला वाटत असावं. एकजण 'फॉरमॅट मारून टाकू' म्हणत थेट बटणावरच गेला, कॉपी आहे का वगैरे विचारायची पद्धतच नाही. बाबा म्हणत होते अरे क्रम चुकतोय, क्रम चुकतोय, तर एकाने त्यांच्या खांद्यावर थोपटून 'काका, शफल चालू असेल, ऑफ करा' म्हणून गप्प केलं. शफल चालू नव्हतं! आणि सगळ्यात संताप कशाचा आला तर 'आता हे सगळं ऑनलाइन मिळतं हो, कशाला एवढा त्रास' याचा. छोट्या हॉलमध्ये बसून, गाणाऱ्याची परवानगी घेऊन केलेली रेकॉर्डिंग कुठल्या ऑनलाइनवर मिळतात ते मला दाखवा कोणीतरी.

तुम्हाला फोन केला तेव्हा मी हेच सगळं एका दमात ओकले. तुम्ही ऐकून घेतलंत आणि विचारलंत, 'हे उतरवलंय कोणी?' मी म्हटलं बाबांनी. 'मग फोन त्यांनाच द्या की.'

बस. माझ्यासाठी सगळं इथेच आलं. एवढ्या लोकांमध्ये कोणाच्या डोक्यात आलं नाही की ज्या माणसाने हे केलंय त्यालाच विचारावं, सगळे माझ्याशी बोलायचे आणि बाबा शेजारी बसून ऐकायचे. तुम्ही पहिलाच प्रश्न टाकलात, 'काका, कॅसेटची बाजू उलटली की तुम्ही नवी फाइल करायचात का तीच पुढे चालू ठेवायचात?' बाबा खुर्चीत पुढे सरकले. फोन स्पीकरवरून काढून कानाला लावला. नवी फाइल करायचो म्हणाले, कारण बडा ख्याल, म्हणजे संथ लयीतला विलंबित, रंगात आला की नेमकी तिथेच टेप संपायची, मग उरलेलं आणि त्यानंतरचं जलद लयीतलं द्रुत पलीकडच्या बाजूला. यावर तुम्ही म्हणालात, 'म्हणजे क्रम उलटला तर आधी द्रुत आणि मग विलंबित, मग तर वाटच लागली!' आणि बाबा इतके हसले, दादा. म्हणजे तक्रार खरी आहे हे कोणीतरी मान्य केलं ना शेवटी. त्यानंतर तुमचं जे काही चाललं त्यात मला कोणी विचारलं नाही, मी चहा ठेवायला उठले.

बाकीचं सगळ्यांच्या उपयोगाचं म्हणून लिहिते, जेवढं मला कळलं तेवढं. ज्या पेनड्राइव्हवर एरर यायची तो ६४ जीबीचा, त्याचा फॉरमॅट (म्हणजे आत फाइली मांडून ठेवायची पद्धत) एक्सफॅट, आणि आमच्या स्टिरिओला फक्त फॅट ३२ कळतो, म्हणून एरर. कॉम्प्युटरवरचा प्लेअर फाइलीच्या पोटात काय आहे ते बघून वाजवतो आणि हरतऱ्हेचे कोडेक (म्हणजे त्या त्या प्रकारची फाइल उलगडून वाजवणारे प्रोग्रॅम) बाळगून असतो, गाडीच्या स्टिरिओला मोजकेच येतात. मधेमधे जे शून्य सेकंदाचं भूत यायचं ते भावाच्या मॅकवरून कॉपी करताना तयार झालेल्या लपलेल्या फाइलींचं, नावाच्या सुरुवातीला टिंब आणि अंडरस्कोअर असलेल्या. आणि क्रमाचं म्हणाल तर आमचा स्टिरिओ फाइलीचं नाव बघतच नाही, पेनड्राइव्हवर जी आधी लिहिली गेली ती आधी वाजवतो. कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर नावाप्रमाणे ओळीत दिसतं म्हणून कोणाला शंका येत नाही. तुम्ही बाबांनी सांगितलेल्या क्रमाने एकेक फाइल टाकलीत. एकेक! आणि जिथे वेव्ह किंवा फ्लॅक (यांत आवाज पूर्ण जपलेला असतो) होती तिथे त्यावरूनच गाडीसाठी एमपीथ्री केलीत, डब्ल्यूएमएवरून पुन्हा एमपीथ्री केलं तर आवाज आणखी मार खातो म्हणून. बाबांच्या मूळ फाइलींना हातसुद्धा लावला नाहीत, उलट त्यांची आणखी एक कॉपी दुसऱ्या हार्डडिस्कवर ठेवायला लावलीत.

नावं मराठीत आहेत ती गाडीच्या स्क्रीनवर चौकोन चौकोन दिसतात, त्यावर तुम्ही सरळ सांगितलंत की स्टिरिओत देवनागरी फॉन्टच नाही, हे माझ्याच्याने होणार नाही. हेही मला फार आवडलं. होत नाही ते होत नाही म्हणायला लोकांचं काय जातं कळत नाही, त्याऐवजी नवीन स्टिरिओ गळ्यात मारायला बघतात. पण असतात, तुमच्यासारखेही असतात, फक्त त्यांची पाटी कुठे लागलेली नसते आणि नंबर मैत्रिणीच्या मैत्रिणीकडून मिळवावा लागतो.

पैशाचं विचारलं तर विषय बदललात, ते माझ्या लक्षात आहे.

आणि हो, एक काम वाढवून ठेवलंय. बाबा म्हणतायत की एका कॅसेटची पट्टी चढलीय, गाणारा त्याच्या नेहमीच्या स्वरापेक्षा वर गातोय, बहुतेक कॉम्प्युटरवर उतरवताना टेपरेकॉर्डर फास्ट फिरत होता. त्याचं कॉम्प्युटरवर काही करता येतं का हे विचारतो म्हणाले. मला नाही, तुम्हाला! माझ्याशी आता ते या विषयावर बोलतच नाहीत. रविवारी सकाळी फोन येईल, उचला प्लीज.