मासे मेले ते विषाने?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तलावातले मासे मेल्याची बातमी आपल्या दैनिकात गेल्या आठवड्यात वाचली. मथळ्यात 'खतांचे विष' असे शब्द होते. खाली मजकुरात मात्र लिहिले होते की पाणी आधीचे पंधरा दिवस हिरवेगार होते, आदल्या संध्याकाळपर्यंत मासे धडधाकट होते आणि पहाटे ते पाण्यावर येऊन तोंडे उघडझाप करताना दिसले. ही लक्षणे विषबाधेपेक्षा गुदमरण्याशी जास्त जुळतात. माती-पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत मी 29 वर्षे काढली. म्हणून ही लुडबुड.

पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायची विंकलर नावाची जुनी पद्धत आहे. बाटली बुडबुडा न ठेवता काठोकाठ भरायची, त्यात दोन द्रावणे सोडायची आणि बूच लावून हलवायची. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका धरतो, नसेल तर साका पांढराच राहतो. नोकरीच्या चौथ्या-पाचव्या वर्षी अशाच एका हिरव्या तळ्यावर पहाटे पाच वाजता भरलेली बाटली पांढरी राहिली. मला वाटले, द्रावणांची अदलाबदल झाली. दुसरी भरली, तीही पांढरी. आदल्या दुपारी तीनला त्याच जागी घेतलेल्या नमुन्याचा साका काळपट तपकिरी होता. शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडते, रात्री स्वतःच तो ओढते, आणि मेलेले शेवाळ कुजवणारे जिवाणू उरलासुरला संपवतात. पाहणीचे पथक सकाळी अकराला उन्हात पोहोचले की सगळे आलबेल दिसते. मग कोणीतरी 'विष' म्हणते आणि विषय संपतो.

खताचा संबंध नाही, असे मी म्हणत नाही. आहेच. पण नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) ही एकाच शेतातून वेगवेगळ्या दारांनी बाहेर पडतात, आणि 'खत' असे मोघम म्हटले की दोन्ही दारे उघडीच राहतात.

माझ्या टेबलावर एकदा दोन बाटल्या शेजारी शेजारी आल्या. एकीत जोराच्या पावसानंतर बांध फोडून वाहिलेले चहासारखे गढूळ पाणी, दुसरीत विहिरीचे नितळ पाणी. गढूळ पाणी गाळून स्फुरदाची मॉलिब्डेटची चाचणी लावली (स्फुरद जितके जास्त, तितका निळा रंग गडद) तर निळ्या रंगाची नुसती झाक आली. गाळणकागदावरचा चिखल आम्लात उकळून तीच चाचणी केली, तेव्हा निळा रंग इतका गडद की पाणी घालून पातळ केल्याशिवाय यंत्राला वाचता येईना. स्फुरद मातीच्या कणांना, त्यातल्या लोहाला, चुन्याला घट्ट धरून असते. माती गेली की तिच्या पाठुंगळीला बसून तेही जाते. नत्राचे उलटे. गढूळ बाटलीत नायट्रेट, म्हणजे नत्राचे पाण्यात विरघळणारे रूप, जेमतेम होते, आणि नितळ बाटलीत ते 50 मिलिग्रॅमच्या बरेच वर निघाले. प्रतिलिटर 50 ही जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची मर्यादा. मातीच्या कणांवर ऋण भार असतो आणि नायट्रेटवरही ऋणच, त्यामुळे माती त्याला धरून ठेवत नाही. मुळांच्या हाती लागले नाही की ते पाण्याबरोबर सरळ खाली उतरते.

ती नितळ बाटली आमच्या घरच्या विहिरीची होती. शेती धाकटा भाऊ पाहतो. तो म्हणाला, "ताई, काचेसारखं पाणी आहे, त्यात काय असणार?" मी त्याला कागदावर हिशेब मांडून दाखवला. सव्वादोन किलोच्या आतबाहेर युरिया म्हणजे एक किलो नत्र. तेवढे सगळे नायट्रेट होऊन खाली गेले, तर सुमारे 88 हजार लिटर शुद्ध पाणी त्या मर्यादेला नेऊन ठेवते. जगभरात शेतात घातलेल्या नत्रापैकी जवळपास निम्मेच पिकाच्या अंगी लागते. उरलेले सगळे विहिरीत जात नाही. काही अमोनिया होऊन उडते (ओल्या जमिनीवर युरिया नुसता विस्कटून ठेवला की दोन दिवसांनी नाकाला झोंबते ते हेच), आणि थोडेसे नायट्रस ऑक्साइड होते. तो वायू शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या 273 पट तापवणारा, त्यामुळे 'थोडेसे' या शब्दावर विसंबू नये. तान्ह्या बाळाच्या दुधात असे पाणी गेले तर रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद घटते आणि बाळ निळे पडते. नायट्रेट पाणी उकळून जात नाही, उलट पाणी आटते तसे दाट होते.

गोड्या पाण्यातल्या शेवाळाचा लगाम बहुधा स्फुरदाच्या हाती असतो. कॅनडात ओंटारिओ प्रांतातल्या 226 क्रमांकाच्या तलावात तलावांचे अभ्यासक डेव्हिड शिंडलर आणि सहकाऱ्यांनी 1973 मध्ये मधोमध पडदा टाकला. दोन्ही बाजूंना कार्बन आणि नत्र घातले, स्फुरद एकाच बाजूला. तेवढीच बाजू हिरवी झाली. एक ग्रॅम स्फुरदावर कोरडे मोजले तर शंभर ग्रॅमच्या आसपास शेवाळ उभे राहू शकते. पिकाच्या हिशेबात ग्रॅमाला कोण विचारतो? समुद्राच्या तोंडाशी मात्र नत्राचा वाटा मोठा. मिसिसिपी नदी जिथे मेक्सिकोच्या आखाताला मिळते, तिथला ऑक्सिजन सरलेला पट्टा 2017 मध्ये 22 हजार चौरस किलोमीटरच्या पुढे गेला होता.

आता माझी स्वतःची चूक. विहिरीचा निकाल पाहून मीच भावाला सांगितले, युरिया कमी कर, कोंबडीखत टाक, ते निर्धोक. त्याने मन लावून टाकले, वर्षानुवर्षे. नत्राची गरज भागेल इतके कोंबडीखत घातले की स्फुरद गरजेच्या कितीतरी जास्त पडते, हे मला पुस्तकात माहीत होते, बोलताना आठवले नाही. काही वर्षांनी त्याच बांधावरचे पाणी गाळून तपासले तर गाळलेले पाणीच निळे झाले. मातीची धरून ठेवायची कुवत भरत आली होती आणि स्फुरद विरघळून वाहू लागले होते. सेंद्रिय की रासायनिक, हा वाद आपल्या पानांवर दरवर्षी रंगतो. शेवाळाला पोत्यावर काय छापले आहे ते वाचता येत नाही.

तेव्हापासून भाऊ माती तपासल्याखेरीज स्फुरद देत नाही. युरियाचे वरखत एकदम न देता तीन हप्त्यांत, मातीआड करून देतो, आणि जोराच्या पावसाचा अंदाज असेल तर पोते फोडतच नाही. ओढ्याच्या कडेला गवताचा पट्टा राखला आहे. त्यात गाळ अडतो, नायट्रेट त्याच्या खालून निघून जाते. नायट्रेट धरायला पीक निघाल्यावर रान मोकळे न ठेवता मुळे असलेले काहीतरी उभे ठेवावे लागते. आठ वर्षे झाली. विहीर अजून मर्यादेच्या किंचित वरच आहे, कारण आधीच खाली उतरलेले नायट्रेट आपल्या चालीने येत राहते. तलावाचेही तसेच. तळाच्या गाळात साठलेले स्फुरद ऑक्सिजन संपला की पुन्हा सुटते, आणि शेतातून येणे थांबले तरी पाणी काही वर्षे हिरवे होऊ शकते. तेव्हा एका हंगामात फरक दिसला नाही म्हणून 'उपाय फसले' असा मथळा कृपया देऊ नका.

आपल्या वार्ताहराला एवढेच सुचवावेसे वाटते. पुढच्या वेळी मेलेल्या माशांच्या छायाचित्राबरोबर पाण्यातला ऑक्सिजन किती होता, हे विचारावे. आणि नमुना किती वाजता घेतला, तेही.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा कर्मचारी