ओंबळेकाका, पत्रादेवीच्या नाक्यावरून तुमचे आभार

डिचोली, गोवा

ओंबळेकाका,

मुंबई पोलिसातले तुकाराम ओंबळे तुम्ही, 26/11च्या हल्ल्यात कसाबला पकडताना गेलात. आपली भेट कधी झाली नाही, तरी काका म्हणते. माझे बाबा गोवा पोलिसात हवालदार होते आणि त्यांच्या वयाच्या वर्दीतल्या माणसांना आम्ही भावंडं काकाच म्हणत आलो.

बाबांची बरीच वर्षं गोवा-महाराष्ट्र हद्दीवरच्या पत्रादेवीच्या चेकनाक्यावर गेली. गणेश चवथीला माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर बांधलेल्या फळापानांच्या छताखाली, सगळं घर जमायचं, बाबा तेवढे नाक्यावर. गोव्यातून बाहेर जाणाऱ्या गाडीत काय शोधतात ते सगळ्यांना ठाऊक, म्हणून शाळेत मला ‘बाटल्या मोजणाऱ्याची चेडू’ म्हणत, चेडू म्हणजे मुलगी. बाटल्यांचं काम अबकारीवाल्यांचं, पण हे कोणाकोणाला समजावणार? खरं सांगू? मलाही लाज वाटायची. रात्रभर बॅरिकेडपाशी उभं राहायचं, काचेतून बॅटरी मारायची आणि वर ‘मी कोण ते ठाऊक आहे का?’ हे ऐकून घ्यायचं.

26 नोव्हेंबर 2008च्या रात्री मुंबईवर हल्ला झाला, तेव्हा मी बारावीत होते. आई आणि मी टीव्हीसमोर, बाबा ड्युटीवर. दुसऱ्या दिवशी उशिरा घरी आले, तेव्हा तुमची बातमी आली होती. गिरगाव चौपाटीची नाकाबंदी, थांबवलेली स्कोडा, आत एके-47 घेतलेले दोघे. गोळीबारात गाडी चालवणारा मेला. दुसरा, कसाब, बाहेर पडला, आणि तुम्ही हातात नुसती काठी असताना पुढे होऊन त्याच्या बंदुकीची नळी धरलीत.

बाबा जेवायचे थांबले. दाराआडचा झाडू उचलून माझ्या हातात दिला, त्याचं दुसरं टोक स्वतःच्या पोटाशी धरलं आणि म्हणाले, ‘आता ओढून बघ.’ मला ओढता येईना. ‘गोळी सुटते तेव्हा ही नळी भाजते. तरी सोडली नाही त्यानं. सोडली असती तर मागच्यांना लागल्या असत्या.’ मग हात धुवून झोपायला गेले. त्यानंतर हा विषय त्यांनी स्वतःहून कधी काढला नाही.

तुम्हाला किती गोळ्या लागल्या यावर दर नोव्हेंबरात मोबाईलवर नवा आकडा फिरतो. मला तो आकडा नको असतो. मला त्या झाडूचं टोक आठवतं.

त्या नाक्यावर तुम्ही एकटे नव्हतात. तुमच्याबरोबरचे अधिकारी गोविलकर साहेब जखमी झाले, बाकीच्यांनी काठ्यांनी कसाबला आडवा केला. दहा हल्लेखोरांपैकी तो एकटाच जिवंत हाती लागला. हल्लेखोरांच्या खिशात खोटी ओळखपत्रं होती. दहाही मेले असते तर ते कुठले, कोणी पाठवले, यावर किती काथ्याकूट झाला असता! खटला चालला, पाकिस्तानातल्या फरीदकोटचं नाव पुढे आलं आणि 21 नोव्हेंबर 2012ला येरवड्यात त्याला फाशी झाली. बाबांच्या भाषेत, ‘माणूस जिवंत सापडला की केस उभी राहते.’

तुम्हाला अशोकचक्र मिळालं. आधी लष्कराच्या सिग्नल विभागात होतात, 1991 मध्ये मुंबई पोलिसात आलात, हे मी मागाहून वाचलं. म्हणजे एक नोकरी पुरी करून दुसरीत रात्रपाळ्या. 2021 मध्ये ठाणे-कल्याण भागात सापडलेल्या एका उडी मारणाऱ्या कोळ्याला तुमचं नाव दिलंय, इसियस तुकारामी. मी आता गोव्यातल्याच सत्तरी तालुक्यात शाळेत शिकवते. वर्गात हे सांगितलं तर एका पोरानं विचारलं, ‘बाई, तो चावतो का?’ तुम्हालाही हसू आलं असतं.

आभार कशाचे, ते सांगायचं राहिलंच. त्या दुपारनंतर कोणी विचारलं की मी सरळ सांगू लागले, बाबा नाक्यावर असतात. पूर्वी नुसतं ‘पोलिसात आहेत’ म्हणून विषय बदलायची. बाबांच्या हे लक्षात आलं होतं की नाही, ठाऊक नाही. विचारायचा धीर अजून झालेला नाही.

ते निवृत्त झाले. काठी सरकारची होती, ती जमा केली. आता बांबूच्या काठीनं आंबे पाडतात. साताऱ्यात जावळी तालुक्यातलं तुमचं केडंबे बघायचं त्यांच्या मनात आहे. गुडघे साथ देत नाहीत, पण पाऊस उघडला की निघू म्हणतात. वाटेत पत्रादेवी लागेलच. नाका आला की मी काच खाली करते, गाडीतला दिवा लावते आणि थांबते.

तुमची,
एका हवालदाराची मुलगी